रांग विकणाऱ्यांची शर्यत

२२ मे २०२५ रोजी ऑरलँडोत युनिव्हर्सलचं ‘एपिक युनिव्हर्स’ उघडलं आणि तेव्हापासून थीम पार्कचा नाद असलेल्या मंडळींत एकच वाद चालू आहे: आता डिस्नेचं काय होणार? एक गट म्हणतो, मक्तेदारी मोडली, आता दोघं भांडतील आणि तिकिटं उतरतील. दुसरा म्हणतो, कसली स्पर्धा नि कसलं काय, दोघंही गिऱ्हाइकाचा खिसा कापताहेत आणि हे अब्जावधी डॉलरचे विस्तार म्हणजे त्याच लुटीची पुढची तयारी. अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांच्या कार्यक्रमात नायगारा आणि ऑरलँडो ठरलेलेच, त्यामुळे हा वाद मराठी घरांतही पोचलाय. दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात आणि दोन्ही बाजू भलत्याच आकड्याकडे बघतात. तिकिटाच्या दराकडे. माझं म्हणणं असं की या धंद्यात स्पर्धेने तिकीट स्वस्त झालेलं नाही आणि होणारही नाही. तरीही ती स्पर्धा हवी, कारण ती नसली की पार्कवाले नवं काही बांधतच नाहीत. न बांधण्यातच त्यांचा फायदा असतो. बघायचंच असेल तर तासाला किती माणसं प्रत्यक्ष राइडमध्ये बसतात ते बघा.

आधी थोडा इतिहास, कारण वाद घालणारे बहुतेक जण एपिकच्या मागे जातच नाहीत. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला डिस्नेलँड उभं राहिलं ते जेमतेम १६० एकरांवर. बघता बघता कुंपणाबाहेर मोटेलं आणि खाणावळी दाटल्या. लोक यायचे डिस्नेसाठी आणि पैसे शेजाऱ्यांकडे खर्च करून जायचे. वॉल्ट डिस्नेला ते चांगलंच झोंबलं असावं. १९६४-६५ मध्ये त्याने नुसत्या नावापुरत्या कंपन्या पुढे करून फ्लोरिडात, ऑरलँडोजवळ, गुपचूप सुमारे २७,००० एकर जमीन घेतली (आजचं डिस्ने वर्ल्ड तिच्यावरच आहे), तीही एकरी दोनेकशे डॉलरने. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची अख्खी मुंबई तिच्यात ठेवली तरी वर जागा उरेल. प्रतिस्पर्धी मैदानात उतरायच्या आधीच जमिनीची लढाई संपली होती.

युनिव्हर्सल फ्लोरिडात येतंय म्हटल्यावर डिस्नेने काय केलं? मायकल आयस्नर १९८४ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले होते. त्यांनी स्वतःचंच स्टुडिओ-पार्क घाईने उभं केलं आणि १ मे १९८९ रोजी ते उघडलंही. युनिव्हर्सल स्टुडिओज उघडायला ७ जून १९९० उजाडला. त्या पहिल्याच दिवशी युनिव्हर्सलच्या मोठ्या राइड धडाधड बंद पडल्या, आणि शार्कवाली राइड तर नव्याने बांधून १९९३ मध्ये परत आणावी लागली. पण शर्यत सुरू झाली होती. १९९८ मध्ये डिस्नेचं ॲनिमल किंगडम आलं, १९९९ मध्ये युनिव्हर्सलचं आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर. एका दशकात चार पूर्ण पार्क.

आणि मग? वॉटर पार्क सोडले तर या दोघांनी मिळून ऑरलँडोत नवं पार्क उघडलं ते थेट २०२५ मध्ये. मध्ये २६ वर्षं गेली. स्पर्धा म्हणजे भाव पाडापाडी असं मानणाऱ्यांनी आणि स्पर्धा म्हणजे नुसती उधळपट्टी असं मानणाऱ्यांनी, दोघांनीही या २६ वर्षांचं काहीतरी उत्तर द्यायला हवं. या काळात युनिव्हर्सलचे मालक बदलत राहिले: सीग्रॅमकडून व्हिवेंडी, मग जनरल इलेक्ट्रिक, २०११ पासून कॉमकास्ट. या धांदलीत विस्तारासाठी लॉकहीड मार्टिनकडून घेतलेली मोठी जमीन युनिव्हर्सलने २००३ मध्ये विकूनही टाकली. एपिक ज्या जागेवर उभं आहे ती त्याच जमिनीचा पुढे परत विकत घेतलेला तुकडा! प्रतिस्पर्धी असा घरच्या भानगडींत अडकला, आणि डिस्नेने एकविसाव्या शतकाचं पहिलं दशक चार-दोन राइड आणि दरवर्षीची दरवाढ यांवर निभावून नेलं. कोण विचारणार होतं?

विचारलं ते १८ जून २०१० ला. आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमध्ये हॅरी पॉटरचं गाव उघडलं आणि पुढच्या दोन वर्षांत त्या पार्कची गर्दी दीडपटीच्या वर गेली. डिस्नेने सप्टेंबर २०११ मध्ये ‘अवतार’चे हक्क घेतल्याचं जाहीर केलं, २०१७ मध्ये त्यावर बेतलेलं पँडोरा उघडलं, २०१९ मध्ये स्टार वॉर्सचं गाव. दहा वर्षं ज्या कंपनीला काही सुचत नव्हतं तिला शेजारचा एक किल्ला बघून अचानक कल्पना सुचू लागल्या.

आता हे ‘बांधतच नाहीत’ प्रकरण जरा जवळून बघू. डिस्नेच्या भुताच्या वाड्यात, म्हणजे हाँटेड मॅन्शनमध्ये, बसायच्या काळ्या डब्यांची एकच अखंड साखळी आहे. ती थांबतच नाही. चढायच्या जागी जमिनीवर सरकता पट्टा आहे, त्याचा वेग डब्यांइतकाच. तुम्ही पट्ट्यावर पाय ठेवता, दोन पावलं चालता आणि बसता, मागचा मागच्या डब्यात बसलेला असतो. कॅलिफोर्नियात १९६९ पासून आणि फ्लोरिडात १९७१ पासून ही युक्ती तासाला दोन हजारांहून जास्त माणसं गिळते, म्हणून बाहेर रांग दिसली तरी ती हलत राहते. उलट पीटर पॅनची उडती राइड तासाला हजारएक माणसांना नेते, आणि तिच्यासमोर तासभर उभं राहणं वर्षानुवर्षं ठरलेलं. म्हणजे रांग लहान कशी करायची हे डिस्नेला पन्नास वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. जमिनीची वानवा नाही, पैशाची तर नाहीच. मग अडतं कुठे?

अडतं ते रांगेलाच किंमत आली तिथे. १९९९ मध्ये डिस्नेने फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता: यंत्रातून चिठ्ठी काढायची, सांगितलेल्या वेळी यायचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच सोयीला पैसे लागू झाले. २०२४ च्या अखेरीस आलेला सगळ्यात वरचा पास माणशी, दिवसाला, ४४९ डॉलरपर्यंत जातो, आणि तोही प्रवेशाच्या तिकिटाच्या वर. गाजलेल्या कुठल्याही राइडच्या तोंडाशी पासवाल्यांची आणि साधी अशा दोन रांगा एकत्र येतात. त्या नाक्यावर एक पोरगेला कर्मचारी हात आडवा धरून उभा असतो. पासवाल्यांचा लोंढा सोडतो, मग साध्या रांगेतली दोन-तीन कुटुंबं, मग परत पासवाले. दीड तास उभा राहिलेला बाप त्या हाताकडे बघत असतो आणि पोरगं त्याला विचारत असतं की ते लोक आत्ता तर आले.

शिर्डीला किंवा तिरुपतीला पैसे भरून दर्शनाची वेगळी रांग असते, ती आठवा. त्या पासाला मोल कशामुळे येतं? फुकटची रांग लांब असते म्हणून. उद्या साध्या रांगेत दहा मिनिटांत दर्शन होऊ लागलं तर पासाला कोण विचारील? देवस्थानाबद्दल निदान असं म्हणता येतं की गाभारा एकच, तो मोठा कसा करणार. पार्कवाल्याला ती सबब नाही. भुताच्या वाड्यासारख्या आणखी चार राइड बांधल्या की रांग ओसरते, आणि रांग ओसरली की पासाची विक्रीही ओसरते. मग शेजारी कोणी नसलेला मालक तसं का करील?

गंमत म्हणजे हे सगळं नवं नाहीच. सुरुवातीच्या डिस्नेलँडमध्ये आत शिरायचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे असत. ए पासून ई पर्यंत कुपनांची पुस्तिका मिळायची आणि ई कुपन सर्वांत भारी राइडचं. १९८२ मध्ये डिस्नेचं फ्लोरिडातलं दुसरं पार्क, एपकॉट, उघडलं त्या सुमारास कुपनं गेली आणि एका तिकिटात सगळं आलं. चाळीस वर्षांनी फोनवरच्या ॲपमधून ई कुपन परत आलंय, फक्त आता प्रवेशाचं तिकीट एक डॉलरचं राहिलेलं नाही.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे घेऊ, कारण त्यांत दम आहे. पहिला आणि सर्वांत जड मुद्दा: युनिव्हर्सल तरी कुठे धुतल्या तांदळासारखं आहे? त्यांचा एक्स्प्रेस पास डिस्नेच्या किती तरी आधीपासून पैशानेच मिळतो, आणि गर्दीच्या दिवशी तो प्रवेशाच्या तिकिटाहून महाग असतो. हे शंभर टक्के खरं. दरवाढीत दोघं एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकतात हेही खरं. आज गर्दीच्या दिवसांत डिस्नेचं एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या पुढे गेलंय. मी युनिव्हर्सलची वकिली करत नाहीच. त्याच्या हेतूशी मला देणंघेणं नाही. त्याने नवं पार्क उघडलं की ऑरलँडोत राइडच्या खुर्च्या वाढतात, एवढं पुरे. गिऱ्हाइकांनी कितीही तक्रारी केल्या तरी डिस्नेची एक खुर्ची वाढली नव्हती, आणि सरकार राइड बांधा असं सांगत नसतं.

आणि दर स्पर्धेवर ठरत असता तर टोकियोचं काय करायचं? तिथली दोन्ही डिस्ने पार्कं ओरिएंटल लँड या जपानी कंपनीच्या मालकीची आहेत. युनिव्हर्सलचं जपानी पार्क दूर ओसाकाला, म्हणजे शेजारी टक्कर द्यायला कोणी नाही. तरी २०२३ च्या दरवाढीनंतरही तिथलं सर्वांत महाग दिवसाचं तिकीट १०,९०० येन होतं. अमेरिकेतल्या गर्दीच्या दिवसाच्या निम्म्याहूनही कमी. येन घसरलेला आहे आणि येणारा बहुतेक प्रेक्षक वर्षातून परत परत येणारा स्थानिक जपानी आहे, त्याला एकदाच पिळून चालत नाही. थोडक्यात, दर ठरतो तो समोरचं गिऱ्हाईक कोण आणि ते किती वेळा येणार यावर. ऑरलँडोला आलेलं कुटुंब आयुष्यात एकदा-दोनदा येतं, सुट्टी काढून, विमानाचे पैसे भरून. ते दारातून परत फिरत नाही आणि हे दोघांनाही ठाऊक आहे.

दुसरा मुद्दा असा की या चढाओढीत माणसं बुडतात. तेही खरं. १९९२ मध्ये उघडलेलं पॅरिसचं डिस्ने दोन वर्षांत कर्जाने इतकं वाकलं की सौदी राजपुत्र अल-वलीद यांचा पैसा घ्यावा लागला. चीनमध्ये वांडा समूहाचे वांग जियानलिन यांनी २०१६ मध्ये शांघाय डिस्नेलँडला उघड आव्हान दिलं होतं: एका वाघाला लांडग्यांचा कळप भारी पडेल, अशा थाटात. डिस्नेच्या आधी काही आठवडे त्यांनी नानचांगला आपलं पार्क उघडलंही. वर्षभराने, जुलै २०१७ मध्ये, वांडाने आपल्या पर्यटन प्रकल्पांतला बहुतांश हिस्सा सुनाक कंपनीला विकून टाकला. वाघ अजून तिथेच आहे. आपल्या खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये थाटात सुरू झालं, कर्जाखाली दबलं आणि २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडे गेलं. पण या तिघांना बुडवलं कोणी? पॅरिसच्या शेजारी दुसरं डिस्ने नव्हतं. खोपोलीलाही तोडीस तोड कोणी नव्हतं; गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं, तेही २०२२ पासून बंदच आहे. बँका हप्ते वेळेवर मागतात आणि प्रेक्षक हळूहळू वाढतो, या दोन वेगांत जी दरी पडते तिच्यात ही पार्कं पडली. याउलट वंडरलाने २००० मध्ये कोची, २००५ मध्ये बंगळुरू, २०१६ मध्ये हैदराबाद, २०२४ मध्ये भुवनेश्वर असं एकेक पाऊल टाकलं, कर्ज अंगावर फारसं घेतलं नाही, काही राइड तर स्वतःच्या कारखान्यात बनवल्या. विस्तार दोघांनीही केला, फरक उसनवारीचा.

शिवाय स्पर्धक आल्यावर दुबळा मरतोच असंही नाही. हाँगकाँगमध्ये २००५ मध्ये डिस्नेलँड आलं तेव्हा १९७७ पासूनचं ओशन पार्क संपलं असंच सगळे धरून चालले होते. ओशन पार्कने त्याच वर्षी मोठ्या पुनर्बांधणीचा आराखडा काढला आणि पुढची कित्येक वर्षं डिस्नेच्या नाकावर टिच्चून चाललं. २०२० मध्ये त्याला सरकारी मदत घ्यावी लागली हे मी लपवत नाही. पण तोवर आंदोलनं, कोविड आणि चीनमधली नवी पार्कं असं बरंच काही येऊन आदळलं होतं.

स्पर्धा संपल्यावर काय होतं, याचं ताजं उदाहरणही समोर आहे. १ जुलै २०२४ रोजी अमेरिकेतल्या सिक्स फ्लॅग्स आणि सीडर फेअर या जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी विलीनीकरण केलं. वॉटर पार्क धरून ४२ पार्कं एका छत्राखाली आली. वर्ष उलटायच्या आत मेरीलँडमधलं सिक्स फ्लॅग्स अमेरिका बंद करायची घोषणा झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते बंद झालंही. ते पार्क आधीच खंगलेलं होतं, असं कोणी म्हणेल, असेल. पण खंगलेल्या पार्कात पैसा ओतायचा की जमीन विकायची, हा हिशेब शेजारी प्रतिस्पर्धी असताना एक येतो आणि नसताना दुसरा.

एक लाभार्थी मात्र या वादात कोणाला आठवतच नाही: तिथे काम करणारा माणूस. मार्च २०२३ मध्ये डिस्ने वर्ल्डच्या कामगार संघटनांनी ताशी किमान १८ डॉलरचा करार पदरात पाडून घेतला, आणि त्याच वर्षी युनिव्हर्सलने सुरुवातीचा पगार १५ वरून १७ डॉलर केला. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०२० मध्येच किमान वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलरवर न्यायला कौल दिला होता, त्याचा यात वाटा आहे. संघटनेचा तर आहेच. पण वीस मिनिटांच्या अंतरावर एपिकसाठी हजारोंची भरती होणार हे माहीत असताना करार करायला बसणं आणि गावात दुसरा मालकच नसताना बसणं यांत फरक पडतो. ऑरलँडोतली घरभाडी बघता १८ डॉलर ही काही चैन नाही. तरी ज्यांना स्पर्धेचा फायदा थेट खिशात मोजून दाखवता येईल असे लोक शोधायचेच असतील, तर ते राइडच्या दारात हात आडवा धरून उभे असलेले आहेत.

एपिक उघडलं त्या उन्हाळ्यात कॉमकास्टच्या पार्कांचं उत्पन्न वाढलं आणि डिस्ने वर्ल्डनेही त्या तिमाहीसाठी विक्रमी महसूल सांगितला. म्हणजे ‘डिस्ने संपलं’वालेही तोंडघशी पडले आणि एकाचं वाढलं की दुसऱ्याचं घटतं असं मानणारेही. दोघांचं वाढतंय म्हटल्यावर आता घोषणांचा पाऊस पडतो आहे. डिस्नेने २०२३ मध्येच पार्कं आणि क्रूझसाठी दहा वर्षांत सुमारे ६० अब्ज डॉलर सांगितले. मे २०२५ मध्ये अबू धाबीचं पार्क जाहीर केलं. तिथे बांधण्याचा खर्च मिराल या स्थानिक कंपनीचा, डिस्नेला रॉयल्टी. युनिव्हर्सलने एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या बेडफर्डचं जाहीर केलं, ते २०३१ मध्ये अपेक्षित आहे.

या घोषणा वाचताना मी एकच हिशेब मांडतो: किती वाढलं आणि त्यासाठी किती पाडलं. डिस्ने वर्ल्डचं सर्वांत जुनं पार्क म्हणजे मॅजिक किंगडम; तिथे मोटारींच्या नव्या राइडसाठी जुलै २०२५ मध्ये १९७१ पासूनची नदी, तिच्यातली आगबोट आणि मधलं टॉम सॉयरचं बेट बंद झालं. ती बोट एका फेरीत शेकडो माणसं पोटात घ्यायची, आणि बेटावर पोरं मोकाट सुटायची, रांग न लावता. ॲनिमल किंगडममध्ये डायनोलँडच्या जागी नवा विभाग येतोय, हॉलिवूड स्टुडिओजमध्ये, म्हणजे १९८९ च्या त्या स्टुडिओ-पार्कात, मपेट्स या बाहुल्यांच्या विभागाच्या जागी. युनिव्हर्सलनेही २०२५ मध्ये एक जुना रोलर कोस्टर काढला, नव्या कोस्टरसाठी. यातला बराचसा पैसा जुन्या खुर्च्या काढून नव्या बसवण्यात जातोय. अपवाद मॅजिक किंगडममागच्या खलनायकांच्या विभागाचा, तो खरोखर कुंपण पुढे सरकवणार आहे.

चार पार्कं असलेल्या डिस्ने वर्ल्डच्या पाचव्या पार्कचं काय? २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या नव्या जिल्हा प्राधिकरणाशी डिस्नेने करार केला. दहा ते वीस वर्षांत १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक, आणि त्यात आणखी एक मोठं आणि दोन छोटी पार्कं बांधायची मुभा. जमीन वॉल्ट डिस्नेच्या वेळची पडून आहे, पैसा जाहीर झालाय, परवानगी हातात आहे. पार्क मात्र अजून जाहीर झालेलं नाही. एपिकचं दुसरं-तिसरं वर्षही पहिल्यासारखं गेलं आणि युनिव्हर्सलने तिथली उरलेली जागा खणायला घेतली, तर ते जाहीर होईल. नाही घेतली, तर पासाचा दर पुन्हा वाढेल.